गव्हाची पेशी, मिठाचे पाणी

स्मृतिव्याख्यानाच्या फलकावर ‘ऊतीसंवर्धनाने गव्हाच्या वाणांची मीठ-परीक्षा’ असा विषय लिहिला की सभागृहात दोन तऱ्हेचे श्रोते येतात. काहींना विषय ठाऊक असतो. ते वक्ता कुठे घसरतो ते पाहायला येतात. बाकीच्यांना टिश्यू कल्चर म्हणजे जळगावची केळी एवढे माहीत असते. दुसऱ्या गटाने संकोचण्याचे कारण नाही, कारण केळीपासूनच सुरुवात केलेली बरी.

केळीचा बागायतदार ज्याला नुसते ‘टिश्यू’ म्हणतो, त्या ग्रँड नैनच्या रोपांकडून त्याची अपेक्षा एकच असते: दहा हजार लावली तर दहा हजार सारखी निघावीत, घड एकाच सुमारास कापणीला यावेत. गव्हाला असल्या रोपांची गरज नाही. तो बियांवर स्वस्तात वाढतो, आणि त्याची रोपे प्रयोगशाळेत करून एकरभर लावायची म्हटली तर शेतकऱ्याला शेत विकावे लागेल. गव्हाची ऊती बाटलीत वाढवतात ती त्याला काही विचारण्यासाठी. इथला प्रश्न असा: मीठ किती सोसशील?

मीठ किती म्हणजे किती, याचा अंदाज स्वयंपाकघरातच येतो. लिटरभर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे साधारण सहा ग्रॅम मीठ विरघळवले की रसायनशास्त्राच्या भाषेत ते १०० मिलिमोलरचे द्रावण झाले. त्याची विद्युतवाहकता मीटरमागे दहा डेसीसायमनच्या आसपास भरते. समुद्राचे पाणी त्याच्या पाचपट खारे. जमिनीच्या संपृक्त अर्काची वाहकता चारच्या वर गेली की ती क्षारयुक्त समजावी, ही रेघ अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या प्रयोगशाळेने १९५४ च्या पुस्तिकेत मारली आणि ती आजही चालते. गहू मात्र चारला डगमगत नाही. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये केलेल्या तक्त्यात गव्हाचा उंबरठा सहा आहे, आणि त्यापुढे दर एककामागे सुमारे सात टक्के उत्पन्न घटते. भाताचा उंबरठा तीन, जवाचा आठ. धान्यांच्या पंगतीत गहू मधल्या पाटावर बसलेला आहे.

हे आकडे पिकाचे झाले. वाणावाणांतला फरक मोठा असतो, आणि त्यातला सर्वांत नावाजलेला नमुना राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातून आला. तिथल्या खारची परिसरात विहिरींचे पाणीच खारे. पिढ्यानपिढ्या त्याच पाण्यावर गहू घेतला गेला. जे मेले त्यांचे बी उरले नाही, जे तगले त्यांचे पुढच्या वर्षी पेरले गेले. त्यातून ‘खारचिया’ तयार झाला. पुढे त्याच्या संकरातून ‘खारचिया ६५’ आला आणि जगभर जिथे जिथे गव्हाच्या क्षारसहनशीलतेचा अभ्यास होतो तिथे तुलनेसाठी तोच उभा केला जाऊ लागला. त्याच्यात खोडीही भरपूर: उंच वाढतो म्हणून लोळतो, दाणा लाल, तांबेऱ्यापुढे हात टेकतो आणि चांगल्या जमिनीत त्याचे उत्पन्न सुधारित वाणांच्या जवळपासही जात नाही. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९६९ ची, त्याचा संकर ठेंगण्या ‘डब्ल्यूएल ७११’ शी केला. त्यातून निघालेला ‘केआरएल १-४’ १९९० मध्ये प्रसारित झाला, २००० मध्ये ‘केआरएल १९’, आणि नंतर ‘केआरएल २१०’ व ‘केआरएल २१३’. हे सगळे जुन्या पद्धतीने: संकर करा, खाऱ्या मातीत पेरा, निवडा, पुन्हा पेरा.

मग बाटली कशाला हवी?

कारण खारे शेत हा फार बेभरवशाचा परीक्षक आहे. क्षारपड रानात फिरलेल्या कोणालाही विचारा. एका वाफ्यात पांढरा थर आलेला असतो आणि दहा पावलांवर गुडघाभर पीक डुलत असते. वाण ‘अ’ चा वाफा योगायोगाने बऱ्या तुकड्यावर पडला तर तो क्षारसहनशील ठरतो आणि ‘ब’ नापास होतो. त्यात पाऊस एक सर जास्त पडला की मीठ खाली उतरते, आणि परीक्षाच रद्द. ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड्स यांनी १९८३ मध्ये याच विसंगतीवर बोट ठेवले: खाऱ्या शेतातले बहुतेक उत्पन्न कमी खाऱ्या तुकड्यांतूनच येत असेल, तर निवड खाऱ्या जमिनीवर करावी की चांगल्या? प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. कर्नालला यावर उपाय म्हणून मोजून-मापून खारवलेले सिमेंटचे छोटे वाफे केले गेले. प्रयोगशाळेतल्यांनी एक पाऊल पुढे टाकले. माती नको, पाऊस नको, ऊन नको. फक्त पेशी आणि मीठ.

पेशी झाडापासून वेगळी जगवता येईल, हे स्वप्न जुने. ऑस्ट्रियाच्या हाबरलांड्टने १९०२ मध्ये पानातल्या सुट्या पेशी द्रावणात ठेवून पाहिल्या. त्या काही आठवडे जगल्या, फुगल्या, पण दुभंगल्या नाहीत. पेशींचा गोळा कितीही काळ वाढवत ठेवता येतो हे दाखवायला १९३९ उजाडले. त्या वर्षी फ्रान्समध्ये गोत्रे आणि नोबेकूर, अमेरिकेत व्हाइट, असे तिघे जण आपापल्या वाटेने तिथे पोहोचले. १९६२ मध्ये विस्कॉन्सिनच्या मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या ऊतीसाठी जे पोषक माध्यम बनवले, ते आजही ‘एमएस’ या दोन अक्षरांनी जगभर ओळखले जाते. त्याची जन्मकथा इथे सांगण्याजोगी आहे. तंबाखूच्या पानांचा अर्क घातला की ऊती झपाट्याने वाढत असे. अर्कात एखादे अज्ञात वृद्धिद्रव्य असावे असा संशय होता. शोध घेतल्यावर कळले की त्यातली बरीचशी करामत साध्या खनिज क्षारांची आहे. म्हणजे मीठ-परीक्षेसाठी जे माध्यम सर्रास वापरतात, ते मुळातच क्षारांनी श्रीमंत आहे. फक्त त्यात पोटॅशियम, नायट्रेट आणि अमोनियम भरपूर आणि सोडियम नावापुरते.

गव्हाने मात्र या पाहुणचाराला दाद द्यायला वेळ लावला. तंबाखू, गाजर ही झाडे बाटलीत कशीही वागतात, तृणधान्ये रुसकी. पानाचा, खोडाचा तुकडा ठेवला तर बहुधा नुसताच तपकिरी पडतो. चाल सापडली ती कोवळ्या भ्रूणात. ओंबीत परागण होऊन बारा ते सोळा दिवस झाले की दाणा दुधाळ असतो. त्यातला भ्रूण जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा. दाणे निर्जंतुक करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली टोकदार चिमट्याने तो भ्रूण उचलायचा आणि ढालीसारखी बाजू वर येईल असा माध्यमावर ठेवायचा. उलटा ठेवला तर कॅलस होत नाही, सरळ कोंब येतो आणि पोरांची सकाळ फुकट जाते. बाटली अंधारात, पंचवीस अंशांवर. माध्यमात लिटरमागे साधारण दोन मिलिग्रॅम ‘टू-फोर-डी’.

हे नाव ऐकून शेतकरी श्रोते मान वर करतील, आणि ते बरोबरच आहे. गव्हातल्या रुंद पानांच्या तणावर फवारतात तेच हे. शेतात त्याचा डोस तण मारतो. बाटलीत त्याचा कण गव्हाच्या पेशींना आपण मूळ व्हायचे की पान, हे विसरायला लावतो. पेशी नुसत्या दुभंगत राहतात. तीन-चार आठवड्यांत साबुदाण्याच्या खिचडीच्या घासासारखा एक गोळा तयार होतो. त्याला कॅलस म्हणतात. त्याचेही दोन प्रकार. एक पाणचट, अर्धपारदर्शक, हात लावला की विस्कटणारा. तो वाढतो खूप पण त्यातून रोप निघत नाही. दुसरा घट्ट, पिवळसर पांढरा, गाठीगाठींचा. त्यातल्या गाठींतून पुढे रोपे येतात. गव्हात कॅलसपासून रोपापर्यंतचा प्रवास जपानमधल्या शिमादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवला.

परीक्षा इथून पुढे. एकाच वाणाच्या गोळ्याचे सारख्या वजनाचे तुकडे करायचे आणि ते पाच रांगांत मांडायचे: एक बिनमिठाची, बाकी चार ५०, १००, १५० आणि २०० मिलिमोलरच्या. महिन्याने वजन करायचे. किती वाढला, किती काळवंडला, त्यातून हिरवे कोंब किती फुटले. मग गोळा वाळवून, आम्लात विरघळवून ज्योत-प्रकाशमापीवर त्यातले सोडियम आणि पोटॅशियम मोजायचे. प्रोलीन नावाचे अमिनो आम्ल ताणाखाली पेशीत साचते, तेही निनहायड्रिनने लाल रंग आणून मोजतात. नेटाने काम करणारे आणखी एक रांग लावतात, मिठाऐवजी मॅनिटॉलची, तितक्याच परासरण दाबाची. तिथेही गोळा खुरटला तर दोष पाणी न मिळण्याचा. तिथे वाढला आणि मिठात मेला तर दोष सोडियम-क्लोराइडच्या विषाचा. ही मॅनिटॉलची रांग नसेल तर अशा अहवालावर फार विसंबू नये, असे प्रस्तुत वक्त्याचे मत आहे.

इजिप्त, मोरोक्को, इराण, बल्गेरिया अशा अनेक देशांत १९९० च्या दशकात आणि पुढे हे प्रयोग झाले. बरकत आणि अब्देल-लतीफ यांनी १९९६ मध्ये इजिप्तमध्ये मिठाच्या चढत्या पायऱ्यांवर कॅलस निवडून त्यातून रोपे काढली. इस्फहानच्या अर्झानी यांनी १९९९ मध्ये डुरम गव्हाच्या अनेक वाणांचे कोवळे भ्रूण मिठात ठेवून वाणावाणांतला फरक मांडला. या मंडळींचे निष्कर्ष वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यांत भरते: कॅलस किती चांगला होतो हेच मुळी वाणावर अवलंबून आहे. मिठाचा संबंध नसतानाही. ‘बॉबव्हाइट’ हा वाण बाटलीत इतका शहाण्यासारखा वागतो की जनुक-बदलाच्या प्रयोगांत तोच वर्षानुवर्षे वापरला गेला. दुसरा एखादा उत्तम गहू बाटलीत ढ ठरतो. म्हणून मिठातल्या गोळ्यांची वजने थेट एकमेकांशी लावणे म्हणजे पहिलवान आणि गवई यांना एकाच आखाड्यात उतरवणे. प्रत्येक वाणाची तुलना त्याच्याच बिनमिठाच्या गोळ्याशी करावी लागते. हा नियम साधा आहे, तरी तो मोडला जातो.

दुसरा घोळ अधिक गुंतागुंतीचा. २०० मिलिमोलरवर शंभरातले दोन गोळे तगले, तर त्यांच्यात काही बदल घडला की त्यांना सवय झाली? माणूस हळूहळू तिखट खायला शिकतो, तसे पेशीचेही होते. त्या गोळ्याला चार-पाच वेळा बिनमिठाच्या माध्यमावर फिरवून आणा आणि मग पुन्हा मिठात टाका. पुष्कळदा सगळी मर्दुमकी ओसरलेली असते. सवय होती, ती गेली. पण कधीकधी टिकतेही. ऑस्ट्रेलियातल्या लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये लक्ष वेधले की ऊतीसंवर्धनातून आलेल्या रोपांत अनपेक्षित आनुवंशिक फरक दिसतात. केळीवाल्याच्या दृष्टीने हे संकट. क्षारसहनशील गहू शोधणाऱ्याला तीच संधी. तंबाखूत कोलोराडोच्या नेबर्स यांनी १९८० मध्ये मिठात निवडलेल्या पेशींपासून रोपे केली आणि सहनशीलता पुढच्या दोन पिढ्यांत उतरल्याचे दाखवले. त्या काळी वाटले की आता रांगच लागेल. ती लागली नाही.

का लागली नाही, याचे उत्तर गव्हाच्या मुळात आहे, आणि ‘मुळात’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा.

शेतातले गव्हाचे झाड दिवसभर पाणी ओढते आणि पानांवाटे उडवते. जेवढे पाणी अंगात ठेवते त्याच्या पन्नासपट बाहेर टाकते. पाणी उडते, मीठ मागे राहते. मातीतले मीठ जसेच्या तसे आत आले तर काही दिवसांत पाने लोणच्यासारखी होतील. म्हणून मुळाला शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग मीठ बाहेरच अडवावे लागते. गव्हाच्या वाणांतला मोठा फरक या अडवण्यात आहे. मुळातून वर जाणाऱ्या जलवाहिन्यांच्या कडेच्या पेशींत एक प्रथिन बसलेले असते. पाण्यात चुकून शिरलेले सोडियम ते उपसून परत काढते, पानांकडे जाऊ देत नाही. साध्या पोळीच्या गव्हात या गुणाचे स्थान ‘डी’ जनुकसंचातल्या चौथ्या गुणसूत्रावर आहे. डुरमला ‘डी’ संचच नाही, म्हणून तो मिठाला लवकर बळी पडतो. महाराष्ट्रात ज्याची लापशी-खीर कौतुकाने होते तो खपली आणि जुना बन्सी, दोघेही ‘डी’ नसलेल्या चार-संची कुळातले.

ऑस्ट्रेलियातल्या राना मन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उणीव एका प्राचीन नातेवाइकाकडून, दोन-संची ‘ट्रिटिकम मोनोकोकम’ कडून, भरून काढली. त्याच्यातले सोडियम उपसणारे जनुक डुरममध्ये संकराने आणले. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केले की खाऱ्या शेतात या डुरमचे उत्पन्न मूळ वाणापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत जास्त आले. प्रयोगशाळेत नव्हे, शेतात. याच कुटुंबातले दुसरे जनुक आणखी एक युक्ती करते: सोडियम पानाच्या देठाकडच्या आवरणात अडकवून ठेवते, पात्यापर्यंत पोहोचू देत नाही.

आता बाटलीतल्या गोळ्याकडे पुन्हा पाहा. त्याला मूळ नाही, जलवाहिनी नाही, पान नाही, आवरण नाही. तो पाणी उडवत नाही. खाऱ्या माध्यमात तो चारी बाजूंनी बुडालेला आहे. मुळाशी पहारा देणारा शिपाई त्या गोळ्यात कामालाच नाही. म्हणजे ज्या गुणामुळे एक गहू दुसऱ्यापेक्षा शेतात सरस ठरतो, नेमका तोच गुण कॅलसच्या परीक्षेत विचारला जात नाही. तिथे विचारले जाते ते वेगळेच: मीठ आत आलेच, तर पेशी ते रसधानीत कोंडून कामाचा भाग मोकळा ठेवते का? प्रोलीनसारखी द्रव्ये साचवून पाणी धरून ठेवते का? पोटॅशियम सुटू देत नाही ना? हा गुणही खरा आहे. पहारा कितीही कडक असला तरी हंगामाच्या शेवटी थोडे सोडियम पानात येतेच, आणि ते सोसणारा वाण दाणे भरेपर्यंत हिरवा राहतो. बाटली ही परीक्षेतली एकच प्रश्नपत्रिका आहे. तिच्या गुणांवर आख्ख्या पदवीचा निकाल लावला गेला, म्हणून वीस-तीस वर्षे शोधनिबंध खूप आले आणि वाण थोडे.

मात्र ऊतीसंवर्धनाने गव्हाची जी सेवा केली, ती कॅलसच्या गोळ्यापेक्षा दुसऱ्याच दारातून आली, आणि तिची चर्चा क्षारांच्या संदर्भात फारशी होत नाही. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांनी जी परंपरा घडवली, तिच्यात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी १९६४ मध्ये धोतऱ्याच्या परागकोशातून अर्ध्या गुणसूत्रांची रोपे काढली. अशा रोपाची गुणसूत्रे कोल्चिसीनने दुप्पट केली की एका झटक्यात शुद्ध ओळ मिळते. संकरानंतर सहा-सात पिढ्या थांबावे लागत नाही. गव्हात याहून सोपी वाट निघाली ती मक्यातून. गव्हाच्या फुलावर मक्याचे पराग टाकले की भ्रूण धरतो, पण मक्याची गुणसूत्रे पहिल्या काही दिवसांतच गळून जातात. एकवीस गुणसूत्रांचा, दाण्यात पोषण नसलेला पोरका भ्रूण उरतो. तो तसाच सोडला तर मरतो. बाटलीत उचलून ठेवला तर जगतो. केंब्रिजच्या लॉरी आणि बेनेट यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत बसवली. पालमपूरच्या कृषी विद्यापीठात मक्याऐवजी एका रानगवताचे पराग वापरले गेले. ते गवत म्हणजे ‘इम्पेराटा सिलिंड्रिका’, काही भागांत ज्याला दर्भ म्हणतात. श्राद्धाला लागणारी काडी गव्हाच्या जन्मालाही उपयोगी पडते, ही गंमत कोणत्याही पाठ्यपुस्तकात लाल अक्षरांत छापायला हरकत नाही.

खारचियासारख्या आडदांड वाणाचा गुण ठेंगण्या, गोऱ्या दाण्याच्या गव्हात उतरवायचा, तर शेकडो शुद्ध ओळी लागतात आणि त्या लवकर लागतात. तिथे ही पोरक्या भ्रूणांची बाटली कामाची.

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर प्रश्न आणखी वाकडा आहे. राज्यात क्षारबाधित जमीन सहा लाख हेक्टरांहून थोडी अधिक, आणि तिच्यातली दोन-तृतीयांश चोपण आहे, नुसती खारवट नव्हे. कृष्णाकाठचे उसाचे पट्टे असोत की अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाणपट्टा, तिथे दुखणे नुसत्या मिठाचे नाही. मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले, सामू साडेआठच्या वर, पाणी मुरत नाही, पाऊस झाला की चिखल आणि उघडीप झाली की दगड. मुळांना मीठ सोसावे लागते आणि गुदमरणेही. बाटलीतल्या माध्यमाचा सामू असतो ५.८, त्यात घातलेले असते शुद्ध सोडियम क्लोराइड, आणि हवा हवी तेवढी. पूर्णाकाठच्या शेतकऱ्याला या बाटलीतला पहिला नंबर दाखवला, तर तो आधी विचारील की हिला निचरा कुठून आहे.

म्हणून आज जे संशोधक ऊतीसंवर्धनाचा शहाणपणाने उपयोग करतात, ते त्याच वाणांची रोपे शेजारीच पाण्याच्या टाकीतही वाढवतात. मन्स यांच्या गटाने रूढ केलेली चाचणी सोपी आहे: १५० मिलिमोलर मिठात रोपे वाढवायची, तिसरे पान फुटल्यापासून दहा दिवस थांबायचे, ते पान कापून त्यातले सोडियम मोजायचे. पहारा किती कडक ते पानावरून कळते, आतली सोशिकता कॅलसवरून. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या की काही वाण दोन्हीकडे वर असतात, काही एकीकडेच. दोन्हीकडे वर असलेले थोडे वाण घेऊन मग नोव्हेंबरात कर्नालच्या सिमेंटच्या वाफ्यांसारख्या ठिकाणी किंवा चोपण रानात पेरणी करायची. ओंबी पोटरीत आली की झेंड्याचे पान, म्हणजे ओंबीलगतचे सर्वांत वरचे पान, खुडून ते पुन्हा ज्योत-प्रकाशमापीपुढे. सोडियमची ज्योत पिवळी असते, चुलीवर भात उतू जाऊन मिठाचे पाणी जाळावर सांडले की क्षणभर दिसते तशी. यंत्र फक्त तो पिवळेपणा मोजते.